हातात सोल्डर, डोक्यात हिशेब!

घरातला मुलगा किंवा मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा नाहीतर आयटीआय पूर्ण करते आणि घरात एकच विषय सुरू होतो: नोकरी कुठे मिळणार? 'स्वतःचा धंदा करीन' असं म्हटलं, की आईच्या पोटात गोळा येतो आणि वडील विचारतात, 'भांडवल कुठून आणणार?' प्रश्न रास्तच आहे. पण या क्षेत्रात पहिली पायरी मोठ्या भांडवलाचीच असते असं नाही. दुसऱ्याचं काम चोख करून देणं, हीसुद्धा पहिली पायरी होऊ शकते. याचं ठळक उदाहरण म्हैसूरमध्ये आहे.

म्हैसूर म्हटलं की आपल्याला दसरा, राजवाडा आणि रेशमी साड्या आठवतात. याच शहरात १९८८ साली रमेश कुन्हिकण्णन यांनी एकट्याच्या मालकीचा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय सुरू केला. तिथल्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमधून त्यांनी विद्युत शाखेची पदवी घेतली होती. स्वतःच्या नावाचा टीव्ही किंवा रेडिओ काढण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी दुसऱ्यांसाठी माल बनवून देण्याचं काम पत्करलं. म्हणजे नाव गिऱ्हाइकाचं, आराखडाही बहुधा त्याचाच. सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवणं, सोल्डर करणं आणि तपासून देणं हे आपलं. १९९६ मध्ये पत्नी सविता रमेश याही व्यवसायात आल्या. एकट्याच्या मालकीच्या या धंद्याची खासगी कंपनी झाली ती २००८ मध्ये, तब्बल २० वर्षांनी! हीच आजची केन्स टेक्नॉलॉजी. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचे शेअर्स बाजारात आले आणि २०२३ च्या चांद्रयान-३ मोहिमेसाठीही तिनं इलेक्ट्रॉनिक भाग पुरवले.

प्रत्येकाची मजल चंद्रापर्यंत जाईल असं नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्याचं काम घेतलं की जाहिरातीचा खर्च नाही, आणि तयार माल पडून राहण्याची धास्तीही कमी. मात्र विश्वास टिकवावा लागतो. सोल्डर नीट धरलं नसेल, तर टेबलावर चाचणी पास झालेला बोर्ड गाडीत बसवल्यावर हादऱ्यांनी बंद पडू शकतो. अंगातल्या स्थिर विजेनंही नाजूक चिप निकामी होते. म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधणं, प्रत्येक बोर्डाला क्रमांक देणं आणि काय तपासलं ते वहीत लिहिणं, या सवयी पहिल्या दिवसापासून हव्यात.

दुरुस्तीचं दुकान हाही असाच दरवाजा. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला लागले. १९९० साली त्यांनी पुण्यात स्वतःचं दुकान थाटलं आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीत शिरले. गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर व्हायरसमुळे बिघडतात हे दुकानातच लक्षात आलं. धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातूनच उभी राहिली क्विक हील कंपनी. दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंनीच त्यांना पुढचा धंदा दाखवला!

आता हिशेबाकडे वळू, कारण चांगला कारागीर बुडतो तो बहुधा इथेच. दर ठरवताना फक्त सुट्या भागांची किंमत धरू नका. आपले तास, जागेचं भाडं, वीजबिल आणि वॉरंटीत फुकट करून द्यावं लागणारं काम, हे सगळं मोजा. 'आपलाच माणूस आहे' म्हणून नातेवाइकांचं काम मोफत करायचं असेल, तर तेही वहीत मांडा. महिन्याचा आकडा पाहून डोळे उघडतील. सगळं काम एकाच गिऱ्हाइकाचं घेऊ नका. उधारीचीही मुदत ठरवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला, तरी खरेदीदारानं ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत; उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मागता येतं. त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. ती ऑनलाइन होते आणि तिला फी लागत नाही.

हे सारं शिकवतं कोण? १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथे धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेगडे, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांच्या पुढाकारानं 'रुडसेट' ही स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाली. म्हैसूरमध्येही तिचं केंद्र आहे. प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत. हातातल्या कौशल्याबरोबर हिशेब, बँकेचे व्यवहार आणि गिऱ्हाइकाशी बोलणंही शिकवतात. शिक्षण संपल्यावर पाठपुरावाही करतात. याच धर्तीवर महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांत बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. आपल्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत चौकशी करा.

आणि आईवडिलांनो, घाईनं कर्ज काढू नका, घाईनं नकारही देऊ नका. मुलाला सहा महिने द्या. नोकरी सांभाळून संध्याकाळी दुरुस्तीची, जोडणीची कामं घेऊ द्या. त्यानं वही नीट ठेवली, वसुली वेळेवर केली आणि जुनी गिऱ्हाइकं परत आली, तर दुकानाचा गाळा बघायला त्याच्याबरोबर तुम्हीही जा.