दोन दारं, आठ सिलिंडर आणि कोंडाईबारी

वापरलेली महागडी गाडी घ्यायची म्हटली की लोक आधी किमतीचं गणित मांडतात, आणि ते गणित फसवं असतं. कधीकाळी पाऊण कोटीच्या घरात गेलेली गाडी आज नव्या क्रेटाच्या भावात दारात येते, म्हणजे लॉटरीच लागली असं वाटतं. पण अशा गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. परदेशातून तयार होऊन आलेल्या गाडीच्या शोरूमच्या किमतीत निम्म्याच्या आसपास कर असायचा. तो पहिल्या मालकाने भरला, दुसऱ्याला तो परत भरायचा नसतो, म्हणून तर भाव इतका कोसळतो. मात्र तिचा एक रबरी बुश, एखादा सेन्सर, दाराची एक काच मागवली की ती आजच्या दराने आणि आजच्या आयात करासकट येते. हे ज्याला आधी कळलं त्याने अशी गाडी खुशाल घ्यावी. मी हे समजूनच गाडी घेतली आणि आजही मला ती हवीच आहे.

गाडी जर्मन आहे, दोन दारांची आहे, आठ सिलिंडरची आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्या दुखण्यांबद्दल लिहायचं आहे आणि पंधरा वर्षांच्या गाडीचं दुखणं हा वयाचा भाग असतो. पहिली मालकी सुरतेच्या एका कापड व्यापाऱ्याची. ‘बेन, गाडी मोठी नाजूक आहे,’ असं त्यांनी चावी देताना सांगितलं होतं. मला मात्र ती नाजूक कधी वाटली नाही. तिला तिच्या कामाला लावावं लागतं, एवढंच.

हे काम कोणतं, ते या जातीच्या गाड्यांच्या इतिहासातच आहे. १९५१ साली इटलीत, तुरीनच्या लान्चिया कंपनीने ऑरेलिया गाडीची जीटी, म्हणजे ‘ग्रान टुरिस्मो’, आवृत्ती काढली. त्याच वर्षीच्या मिल्ले मिल्या शर्यतीत, म्हणजे इटलीच्या साध्या रस्त्यांवरून होणाऱ्या हजार मैलांच्या शर्यतीत, ती दुसरी आली. पुढच्या वर्षी इंग्लंडात बेंटलीची आर-टाइप कॉन्टिनेंटल आली. दोन माणसं आणि त्यांचं सामान एका दमात शेकडो किलोमीटर न्यायचं आणि उतरताना माणसं ताजी असली पाहिजेत, ही या गाड्यांची कल्पना. शर्यतीची गाडी कंबर मोडते, मोठी सेडान वळणांवर डुलते. या दोन्हींच्या मधली ही जागा आहे, आणि ती शहरातल्या सिग्नलवर उभं राहून कळत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या चिंचपाड्यात कळते. इथे प्रत्येक गोष्टीला अंतर आहे. बाजार नवापूरला, कोर्टकचेरी नंदुरबारला, मोठी खरेदी आणि मोठा डॉक्टर सुरतेला, नातेवाईक धुळ्या-नाशकात. पूर्वेला धुळं आणि पश्चिमेला सुरत, दोन्ही शंभर किलोमीटरच्या आसपास. गाव ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेवर आहे, जवळून धुळे-सुरत महामार्ग जातो, आणि ‘कुठे निघालात?’ हाच इथला नमस्कार. आमच्या दाल मिलचा माल आणि हिशेब या महामार्गावरच चालतो. आठवड्यातून कधी सुरत, कधी धुळं ठरलेलंच. पूर्वी जीपमधून जाऊन आले की दुसरा अर्धा दिवस पाठ धरून बसावं लागायचं. आता विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारीचा घाट चढताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये अशी शांत बसते की शेजारचा माणूस बोलत असतो ते वाक्यही तुटत नाही. समोर कंटेनरची रांग, वळणापलीकडे दिसत नाही, अशा वेळी हिच्याकडे असलेली ताकद वेगासाठी वापरायची नसते. थोडा सरळ, मोकळा तुकडा मिळाला की ओव्हरटेक करण्यात समोरच्या बाजूला राहण्याचा वेळ निम्म्यावर येतो, हा तिचा खरा उपयोग. या घाटात किती गाड्या दरीत गेल्या ते इथे लहान पोरालाही माहीत आहे.

सासूबाई पुढच्या सीटवर बसतात. मागच्या दोन सीट आहेत, पण तिथे बसायला पुढची सीट दुमडून वाकून शिरावं लागतं. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं की दोन दारांची गाडी कुटुंबाची होत नाही. झाली. पोरं मागे, सासूबाई पुढे, आणि दार एवढं लांब की त्यांना उतरताना पाय मोकळे टाकता येतात. चार दारांच्या गाडीत पुढचं दार आखूड असतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अडतं, ही गोष्ट ही गाडी घेईपर्यंत माझ्याही लक्षात आली नव्हती. अडचण आहे ती अरुंद पार्किंगची. नवापूरच्या बाजारात दार पूर्ण उघडायला शेजारी एका मोटरसायकलीची तरी जागा रिकामी लागते.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे. माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून साधारण १३ सेंटिमीटर वर आहे. म्हणजे कागदावरचा गतिरोधक ती आरामात ओलांडते. गावोगावी अपघातानंतर रातोरात टाकलेले अरुंद, टोकदार उंचवटे मात्र तिला तिरपं घेऊन, एकेक चाक चढवून पार करावे लागतात. माझी तक्रार गावकऱ्यांबद्दल अजिबात नाही. ज्यांचं पोर ट्रकखाली गेलं ते मीटरपट्टी घेऊन बसत नाहीत. रस्ता बांधणाऱ्याने वेळेवर मानकाप्रमाणे गतिरोधक दिला असता तर लोकांना स्वतः टाकावा लागला नसता.

टायरचं सांगते, कारण वापरलेली गाडी बघायला जाणारे तिथेच चुकतात. ही गाडी कंपनीतून रनफ्लॅट टायरवर आली. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत ८० किलोमीटरपर्यंत चालता येतं, म्हणून स्टेपनीच दिलेली नाही. युरोपात हे सोयीचं. आपल्याकडे या टायरची जाड, कडक भिंत खड्ड्याचा दणका थेट रिमला देते, आणि रिम तडकली की टायर कितीही शहाणा असून उपयोग नाही. शिवाय पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद, मागचे २७५, त्यामुळे पुढे-मागे फिरवून झीज सारखी करण्याची सोयही नाही. मी साधे ट्यूबलेस टायर घालून घेतले. डिकीत हवेचा पंप, पंक्चरच्या वाती आणि टॉर्च. घाटात रेंज जाते, पंप जात नाही.

या सगळ्यात माझा सगळ्यात मोठा आधार नवापूरचे आमचे मिस्त्री. पोल्ट्र्यांच्या जनरेटरवर त्यांचा हात बसलेला. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला, कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, शेड रिकामे पडले. जनरेटरचं काम थांबलं तेव्हा ते पिकअप आणि टेम्पोंकडे वळले. माझ्या गाडीचं पाणी हळूहळू कमी व्हायला लागलं तेव्हा एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने इंजिनाचा पुढचा भाग पूर्ण उतरवण्याचं एस्टिमेट दिलं होतं. तो आकडा गाडीच्या किमतीच्या पासंगाला नव्हे, चांगल्या हिश्शाला येत होता. मिस्त्रींनी आधी काहीच उघडलं नाही. गाडी तापवली, बंद केली आणि बॉनेटवर वाकून वास घेत उभे राहिले. ‘ताई, पाणी खाली पडत नाही, आत मुरतंय. गोड वास येतोय बघा.’

या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’सारख्या उभ्या असतात आणि त्यांच्या मधल्या दरीतून, इनटेक मॅनिफोल्डच्या खालून, पुढून मागे पाणी नेणारा एक पाइप जातो. त्याच्या टोकाला रबराचं सील असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते सील आक्रसतं आणि पाणी थेंबाथेंबाने दरीत उतरायला लागतं. खान्देशातला मे महिना त्याला काही मदत करत नाही. कारखान्याच्या पद्धतीने हा पाइप बदलायचा तर पुढची टायमिंगची झाकणं काढावी लागतात, म्हणून एस्टिमेट एवढं. पण आता दोन भागांचा, एकात एक सरकणारा पाइप मिळतो. जुना पाइप वरूनच कापून बाहेर काढायचा, नवा आखूड करून आत ठेवायचा, मग तो लांबवून दोन्ही टोकं आपापल्या भोकांत बसवायची आणि कडीने पक्का करायचा.

मिस्त्रींनी हे काम अंड्यांच्या ट्रेवर केलं. मॅनिफोल्डचा एकेक बोल्ट काढला की तो ट्रेच्या एका खळग्यात, बाजूला खडूने नंबर. इंजेक्टरची तार कुठून कशी गेली त्याचे फोटो त्यांच्या पोराने मोबाईलवर काढले. जुना पाइप निघाला तेव्हा त्याचं सील त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. चिंचोक्यासारखं कडक झालं होतं, नखाने दाबलं तर खूण उमटत नव्हती. नव्या ओ-रिंगला त्यांनी कूलंटचा हात लावला, तेल लावू दिलं नाही. तेलाने हे रबर फुगतं, हे त्यांना जनरेटरनेच शिकवलं होतं. त्यानंतर आजवर टाकीतली पातळी हललेली नाही.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, साधारण ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. मराठवाड्यातल्या माणसांना मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकासारखीच वागणूक मिळाली पाहिजे, असं ठणकावून सांगण्याची ती रीत होती. पण मला नेहमी वाटतं की त्या दीडशे गाड्यांची दुसरी बातमी कोणी लिहिलीच नाही. त्या आज कुठे आहेत, कोणाच्या हातून दुरुस्त होतात, कोणत्या तालुक्याच्या मिस्त्रीने त्यांच्यासाठी स्कॅनर विकत घेतला? नवी गाडी विकत घ्यायला पैसे लागतात. पंधरा वर्षांची गाडी धड चालती ठेवायला आसपास हुशार माणसं लागतात, आणि ती आपल्या लहान गावांत आहेत.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात अशी गाडी बाळगावी का, हा प्रश्न मला विचारला जातो आणि तो बरोबर आहे. दिवाळी झाली की आमच्या पट्ट्यातली कुटुंबं ऊसतोडीला बारडोलीकडे निघतात. ट्रकमध्ये भांडी, अंथरुणं, कोंबड्या, वर बायका-पोरं. त्या ट्रकच्या मागे मी या गाडीत असते. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि ते इथेनॉल उसाचं, मक्याचं, तांदळाचं. म्हणजे त्यांनी तोडलेल्या उसाचा काही अंश माझ्या टाकीत येतो, ही नुसती कल्पना नाही. माझ्याकडे याचं समाधानकारक उत्तर नाही. मिलमधली मजुरी आधी, गाडीचा खर्च नंतर, हा आमच्या घरचा नियम आहे आणि तो मोडलेला नाही. ऊसतोडीच्या मुलांसाठी गावातच शाळा-वसतिगृह चांगलं चाललं पाहिजे, यासाठी आम्ही काही जण भांडतो. याने प्रश्न मिटत नाही. पण गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली तर तो मिटेल, असंही मला वाटत नाही.

त्याच इथेनॉलची गाडीला स्वतंत्र काळजी. तिच्या झाकणावर ९८ ऑक्टेनची शिफारस आहे, आणि तिच्या काळात २० टक्क्यांचा हिशेब कोणी धरलेला नव्हता. जुन्या रबरी नळ्या आणि सील यांना ते मानवत नाही, म्हणून इंधनाच्या नळ्या मी बदलून घेतल्या. टाकी अर्धी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करायची नाही, हेही पथ्य. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे हवेत पाणीच पाणी असतं.

कागदांचंही सांगायला हवं, कारण सुरतेहून गाडी आणणारे आमच्या बाजूचे खूप जण त्यातच अडकतात. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नंबर घ्यावाच लागतो. गुजरातच्या आरटीओची नाहरकत फॉर्म २८ वर, मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. मग महाराष्ट्राचा एकरकमी कर. तो गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो, पण मोजला जातो मूळ किमतीवर, तुम्ही दिलेल्या पैशांवर नव्हे. आयात गाडीचा दर वेगळा. सौदा करण्याआधी हा आकडा काढून घ्यावा. एजंट तो सौदा झाल्यावर सांगतात. जीजे-०५ जाऊन एमएच-३९ लागेपर्यंत मी स्वतः खेपा घातल्या, आणि ते बरं झालं. प्रत्येक कागद कशासाठी आहे ते कळलं.

आता पंधरा वर्षं भरत आली आहेत. आयात चारचाकीच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये, साध्या गाडीला ५,०००. वर पर्यावरण कर. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या आयात गाडीला ८०,००० झाले आहेत. जुनी, धूर ओकणारी वाहनं रस्त्यावरून जावीत हे मला पटतं. मग पैसे धुरावर लावा, तपासणी कडक करा, नापास होईल ती काढून टाका. उत्तम राखलेली गाडी आणि मोडकळीला आलेली गाडी यांना वयाने एकाच तराजूत घालण्यात मला न्याय दिसत नाही.

तरी मी भरणार आहे. मिस्त्रींनी तपासणीआधीची यादी दिली आहे: पुढचे ब्रेक पॅड, पिवळट पडलेल्या हेडलाइटच्या काचा घासून साफ करणं, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचं गास्केट ओलं दिसतंय ते बदलणं, आणि डिकीतली बॅटरी नवी. गास्केट पुण्याहून निघालं आहे. ते आलं की गाडी दोन दिवस त्यांच्याकडे राहील, मग नंदुरबारला. पास झाली की सासूबाईंना घेऊन चरणमाळ घाटाने पिंपळनेर, सटाणा करत नाशिकला जायचं आहे. त्यांच्या बहिणीने बोलावून ठेवलं आहे, आणि बसने जायला त्या आता तयार नाहीत.