पाताळातील पाहुणा

शहराची सुसंस्कृतता त्याच्या स्वागतकमानींवरून ठरत नाही. तेथे प्रथमच पाऊल टाकणाऱ्या परक्या माणसाला कोणाच्याही मेहेरबानीवाचून इच्छित स्थळी पोहोचता येते की नाही, यावरून ती ठरते. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही मुंबईची भुयारी मेट्रो ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी संपूर्ण मार्गावर धावू लागली. ३३.५ किलोमीटरांचा मार्ग, २७ स्थानके, आणि त्यांपैकी २६ भूमिगत! गिरगाव-काळबादेवीसारख्या दाट वस्तीखालून हा मार्ग काढणाऱ्या अभियंत्यांचे व कामगारांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. परंतु भुयार खणून झाले म्हणजे रेल्वे पूर्ण झाली, असे नव्हे. त्या भुयारात उतरलेल्या नवख्या माणसाला आपली वाट आपण शोधता आली, म्हणजेच ती पूर्ण झाली, असे आम्ही मानतो. आणि या कसोटीचा विचार आपल्याकडे अभावानेच होतो.

जमिनीवर वाट चुकलेला माणूस अगदीच निराधार नसतो. ऊन कोणीकडून येते ते त्याला दिसते, समुद्र कोणत्या अंगाला असावा याचा अदमास लागतो, एखादे देऊळ किंवा एखादा पूल त्याला खूण म्हणून पुरतो. भुयारात यांतले काहीच नाही. सरकत्या जिन्याने दोन वळणे घेतली की उत्तर कोणती आणि दक्षिण कोणती, हे मुरलेल्या मुंबईकरालाही सांगता येणार नाही. गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर काळोखावाचून काही नाही. तेव्हा जमिनीवर जे काम सूर्य, समुद्र आणि शेजारी मिळून करतात, ते सारे भुयारात एकट्या पाटीला करावे लागते. तेथे पाटी ही शोभेची वस्तू नव्हे. रूळ आणि सिग्नल यांच्याइतकाच तो रेल्वेचा अवयव होय.

मराठवाड्यातून किंवा विदर्भातून रात्रीच्या गाडीने आलेला एखादा शेतकरी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो, अशी कल्पना करा. काखेत कागदपत्रांची पिशवी आहे आणि काम मंत्रालयात आहे. मेट्रोने हा प्रवास अवघ्या काही मिनिटांचा : पहिले स्थानक हुतात्मा चौक, दुसरे चर्चगेट आणि तिसरे विधान भवन. परंतु मंत्रालयासाठी विधान भवनला उतरायचे, हे त्याला कोणी सांगायचे? शिवाय गाडीची दिशा मार्गाच्या टोकांवरून ओळखायची, म्हणजे एकीकडे कफ परेड आणि दुसरीकडे आरे. ही दोन्ही नावे त्याने जन्मात ऐकलेली नसतील. टोकाच्या नावाने दिशा सांगण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी आहे आणि ती चुकीचीही नाही. मात्र ज्याला दोन्ही टोके ठाऊक आहेत, त्यालाच ती पुरते. नवख्यासाठी वाट जेथे दुभंगते तेथेच, जिना उतरण्यापूर्वी, त्या बाजूस पुढे येणाऱ्या सर्व स्थानकांची नावे क्रमाने लिहिलेली असली पाहिजेत.

या बाबतीत लंडनचा इतिहास बोधप्रद आहे. जगातील पहिली भुयारी रेल्वे तेथे १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली. पुढे फलाटांच्या भिंती जाहिरातींनी इतक्या भरून गेल्या की त्या गर्दीत स्थानकाचे नाव उतारूला दिसेना. तेव्हा १९०८ मध्ये लाल वर्तुळावर निळी पट्टी आणि तिच्यावर स्थानकाचे नाव, अशी खूण निघाली. ती आज लंडनचे बोधचिन्ह मानली जाते. पण तिचा जन्म सौंदर्यासाठी नव्हे, तर नाव जाहिरातींपासून वेगळे दिसावे म्हणून झाला. १९३१ मध्ये हॅरी बेक नावाच्या आरेखकाने नकाशाचीही तशीच मशागत केली. भुयारातल्या प्रवाशाला वरच्या रस्त्यांची वळणे कळून उपयोग नाही; कोणत्या स्थानकानंतर कोणते येते आणि गाडी कोठे बदलायची, एवढेच त्याला हवे असते, हे त्याने ओळखले. सगळे मार्ग त्याने उभ्या, आडव्या आणि तिरक्या रेषांत बसविले. प्रथम नाकारला गेलेला हा नकाशा १९३३ मध्ये लोकांच्या हाती आला आणि जगाने तो उचलला. त्यातही एक फसगत आहेच. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन यांमध्ये जेमतेम २६० मीटर अंतर आहे. पण नकाशावर विसंबणारा पाहुणा तेवढ्यासाठी तिकीट काढतो! म्हणूनच स्थानकात आजूबाजूच्या रस्त्यांचा खराखुरा नकाशाही हवा.

मेक्सिको शहराने १९६९ मध्ये आपली भुयारी रेल्वे सुरू करताना प्रत्येक स्थानकाला एकेक चित्र दिले. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही आपले स्थानक ओळखता यावे. टोकियोने २००४ मध्ये प्रत्येक स्थानकाला अक्षर आणि क्रमांक दिला. ज्याला जपानी येत नाही, त्यालाही मोजत जाता यावे. या दोन्ही शहरांनी पाटी लिहिताना माहितगार माणूस नव्हे, तर अनभिज्ञ माणूस डोळ्यांपुढे ठेवला.

आणि आपण काय केले? काही स्थानकांच्या नावांपुढे मोल घेऊन व्यापारी कंपन्यांची नावे जोडली. लंडनने जाहिरातींच्या गर्दीतून नाव बाहेर काढले. आपण नावातच जाहिरात घुसविली. रेल्वेचे टर्मिनस आणि विमानतळाची दोन टर्मिनले, ही तिन्ही स्थानके शिवछत्रपतींच्या नावाची आहेत. ते नाव आम्हां सर्वांस वंद्य आहे. परंतु 'सीएसएमटी' आणि 'सीएसएमआयए' अशा आद्याक्षरांत ते लिहिल्याने ना महाराजांचा गौरव होतो, ना प्रवाशाची सोय. नाव पूर्ण लिहावे आणि शेजारी एकीकडे 'रेल्वे', दुसरीकडे 'विमानतळ' असे ठसठशीत लिहावे. जगन्नाथ शंकरशेट स्थानक हेच मुंबई सेंट्रलचे स्थानक, हेही प्रत्येक पाटीवर स्पष्ट असावे. सिद्धिविनायकाला उतरलेला भाविक देवळाजवळ निघतो. त्याच भरवशावर महालक्ष्मीला उतरणाऱ्याला मात्र देऊळ गाठण्यासाठी भुलाभाई देसाई मार्गापर्यंत बरीच वाट तुडवावी लागते. त्याला हे भुयारातच कळावयास नको काय? बाहेर पडण्याच्या दारांना नुसते अक्षर किंवा आकडा देऊन भागत नाही. कोणत्या दाराने कोणता रस्ता, कोणते रुग्णालय, कोणते न्यायालय, हे तिकीट दाखवून बाहेर पडण्याआधीच दिसले पाहिजे.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना पाट्यांचे हे अवडंबर कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु उपग्रहावरून ठिकाण सांगणारी युक्ती जमिनीखाली पांगळी होते. आणि २०२५ मध्ये हा मार्ग पूर्ण झाला तेव्हा भुयारात मोबाईलचे जाळे न मिळाल्याने प्रवाशांची कशी तारांबळ उडाली, हे विसरण्याजोगे नाही. वाट विचारावी, हा दुसरा उपाय. मुंबईकर वाट सांगण्यात कधी कंजूष नव्हता, हेही खरे. तथापि ज्याला ऐकू येत नाही, ज्याला येथली भाषा येत नाही, रात्री एकट्याने प्रवास करताना परक्या माणसाशी बोलण्यास जी स्त्री कचरते, त्यांनी काय करावे? विचारणे ही सवड असावी. सक्ती असू नये.

पुण्यातही जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला असून, दोन्ही शहरांत मेट्रोचे आणखी मार्ग उभे राहत आहेत. त्यांच्या चालकांना आमची एक साधी सूचना आहे. ज्यांनी हे शहर कधी पाहिलेले नाही अशा दहा माणसांना, त्यांत एखादी वृद्धा आणि एखादा निरक्षरही असावा, स्थानकाच्या दाराशी आणून सोडावे आणि एकेक पत्ता द्यावा. अधिकाऱ्यांनी निमूटपणे मागून चालावे. ती माणसे जेथे थबकतील, तेथे पाटी हवी. जेथे चुकतील, तेथे असलेली पाटी बदलायला हवी. या परीक्षेला ना परदेशी तज्ज्ञ लागतो, ना कोट्यवधींची निविदा. ज्या जनतेच्या पैशातून हा पाताळमार्ग उभा राहिला, तिच्यातल्या सर्वांत अनभिज्ञ माणसाला तेथे ताठ मानेने चालता यावे, एवढी अपेक्षा तिने बाळगली तर ती अवास्तव खास नव्हे.