बोअर कुणाच्या मर्जीने?

हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. ज्याची स्वतःची जमीन आहे आणि ज्याच्याकडे रिग बोलावण्याइतके पैसे आहेत, त्यालाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यातल्या या गावाचा हा यंत्रावरचा राग नव्हे. याच गावाने पर्जन्यमापक बसवले, विहिरींच्या पाणीपातळ्या नोंदवायची सवय लावून घेतली. पावसाळा सरला की त्या आकड्यांवर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे. उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची. उसाला, केळीला परवानगी नाही.

पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, तेव्हा दुष्काळ, दारू आणि स्थलांतराने गाव खचले होते. पाऊस तेव्हाही चारशे मिलिमीटरच्या आसपास होता, आजही त्याने फारशी मेहेरबानी केलेली नाही. बदलला तो पाण्याचा हिशेब.

माणूस आणि तंत्रज्ञान यांच्याविषयी सध्या जी चर्चा चालते, तिच्यात एका बाजूला एकटा माणूस असतो आणि दुसऱ्या बाजूला यंत्र. माणूस यंत्राचा मालक राहील की यंत्र त्याला गिळेल, एवढाच प्रश्न. पण बोअर घेणारा शेतकरी यंत्राचा मालकच असतो आणि त्याच मालकीच्या बळावर तो शेजाऱ्याची विहीर कोरडी करतो. खडकाखालच्या पाण्याला सातबारा नसतो. म्हणून मानवतावादाने यंत्रापुढे उभ्या असलेल्या एकट्या माणसाऐवजी, यंत्राविषयी एकत्र बसून ठरवणाऱ्या माणसांपासून सुरुवात करायला हवी. गोठ्यातली जनावरेही त्या हिशेबात आलीच पाहिजेत.

वरून आलेला नियम याला पुरत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. तरी पाचशे-सहाशे फुटांच्या बोअर राज्यभर पडतच राहिल्या. हिवरे बाजारात नियम पाळला जातो, कारण तो ज्यांनी केला, त्यांचीच पिके त्यावर अवलंबून आहेत.

ज्ञानही ज्यांना लागते त्यांच्याच हाती असावे, हा धडा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला मिळतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले आणि डॉक्टरांच्या हातातली विद्या गावच्या बायकांच्या हाती दिली. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग यांवर त्या आपल्या गावात काम करू लागल्या. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात या प्रयोगाची नोंद झाली आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिला कालपर्यंत पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, तिचा सल्ला घ्यायला गाव तिच्या दारात येऊ लागले. तंत्रज्ञानाने माणसाला मोठे केले असे म्हणायचे, तर ते या अर्थाने म्हणावे.

आता शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता येते आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. जमिनीतला ओलावा, हवामान, उपग्रहाची छायाचित्रे यांवरून शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला मिळेल. तो उपयोगी ठरेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. काळजी वेगळीच आहे. सल्ला एकेकाच्या शेतापुरता असेल, पाणी मात्र साऱ्यांचे आहे. ठिबकने वाचलेले पाणी जमिनीत राहते की आणखी एक एकर उसाला जाते, याचे उत्तर कोणतेही ॲप देणार नाही. ते ग्रामसभेलाच द्यावे लागेल.

पाण्याचा ताळेबंद गावानेच मांडावा, अशी तरतूद केंद्राच्या अटल भूजल योजनेने केलीच होती. नव्या धोरणाची यंत्रणा या ताळेबंदाला जोडावी. एकेका शिवारातून गोळा होणारे आकडे कंपनीच्या सर्व्हरवर जातील तेव्हा ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही यावेत, आणि गावाने नको म्हटले तर एखादा सल्ला बाजूला ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला लेखी मिळावा. अहिल्यानगरच्या दुष्काळी तालुक्यांत याची सुरुवात येत्या रब्बीच्या नियोजनापासून करता येईल.