व्होल्टमीटरवर भरवसा किती?

मराठी वाचकाला तंजावर ठाऊक असते ते भोसल्यांमुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. वीज क्षेत्रात काम करणाऱ्याने ते गज चक्रीवादळासाठीही लक्षात ठेवावे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे हे वादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळले. तंजावर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टई, पेरावुरणी भागातल्या नारळाच्या बागा त्याने आडव्या केल्या. कावेरीच्या मुखाकडच्या जिल्ह्यांत सुमारे लाखभर विजेचे खांब पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्या दिवसांत खांबांची मोजदाद झाली, लाइनमनच्या मेहनतीचे योग्य ते कौतुकही झाले. उपकेंद्रातली बॅटरी खोली मात्र चर्चेत आली नाही. वास्तविक बाहेरचा पुरवठा गेल्यावर रिले जागे ठेवायचे आणि ब्रेकर पाडायचा, ते त्याच खोलीतल्या डीसीवर. पुरवठा परत आला की पहिला फीडर घ्यायचा तोही तिच्याच जोरावर.

ही बॅटरी धडधाकट आहे, हे कशावरून ठरवायचे? बहुतेक ठिकाणी पॅनेलवरच्या व्होल्टमीटरवरून ठरते, आणि नेमका तिथेच घात होतो.

११० व्होल्टच्या बँकेत साधारण ५५ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातली एक लिंक गंजून तुटली तर सगळी बँक निकामी. तरीही चार्जर फ्लोटवर चालू असेपर्यंत मीटर ठरलेला आकडा दाखवतच राहतो, कारण तो आकडा चार्जरचा असतो. ॲमीटरही उपयोगी पडत नाही. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी फ्लोटवर इतका थोडा करंट घेते की मोठ्या स्केलवर काटा शून्यावरच दिसतो. बॅटरी तुटलेली असली तरी शून्यच. लॉगशीटवर वर्षभर ‘नॉर्मल’ लिहिले जाते आणि एसी गेल्याक्षणी रिले पॅनेल काळे पडते.

चांगला चार्जर यावर उपाय करतो. तो ठरावीक काळाने आपला व्होल्टेज थोडा खाली आणतो आणि बॅटरी लोड उचलते का, हे पाहतो. उचलला नाही तर ‘बॅटरी ओपन’ अलार्म देतो. काही चार्जर बँकेच्या दोन्ही अर्ध्यांचा व्होल्टेज ताडून पाहतात. तफावत वाढली की एखादा सेल खराब होत असल्याचे कळते. खरेदीच्या वेळी या सोयी ‘जादा’ म्हणून गाळल्या जातात. ती काटकसर चुकीची आहे.

तंजावरसारख्या गावात दुसरा शत्रू म्हणजे उष्मा. सील्ड बॅटरीचा फ्लोट २७ अंशांना सेलमागे २.२५ व्होल्ट धरला, तर ५५ सेलना १२३.७५ व्होल्ट लागतात. खोली ३७ अंशांवर गेली, तर दर अंशाला सेलमागे ३ मिलिव्होल्ट या हिशेबाने चार्जरने १.६५ व्होल्ट कमी करायला हवेत. न केल्यास बॅटरी आतून सुकत जाते. तापमान दहा अंशांनी चढे राहिले, तर तिचे आयुष्य निम्म्यावर येते. त्यासाठी सेन्सर लागतो तो बॅटरीच्या अंगाशी; चार्जरच्या कपाटात गुंडाळून ठेवलेला सेन्सर कपाटाचेच तापमान सांगतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला मुख्य पाऊस. जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरते आणि डीसीला अर्थ लागतो. डीसीचे दोन्ही पोल जमिनीपासून वेगळे असल्याने पहिल्या फॉल्टला काहीच घडत नाही, म्हणून अर्थ फॉल्टचा दिवा तसाच पेटता राहतो. दुसऱ्या पोलला अर्थ लागला की फ्यूज उडतो किंवा विनाकारण ट्रिपिंग होते, आणि मग दोन्ही फॉल्ट शोधता शोधता रात्र जाते.

या सगळ्या खुणा चार्जरला कळतात: एसी फेल, लो व्होल्टेज, अर्थ लीकेज. पण अलार्मचे कॉन्टॅक्ट टर्मिनलवर मोकळेच राहिले असतील आणि बझर कोणी कायमचा बंद केला असेल, तर या खुणा माणसापर्यंत पोचणार कशा?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीलाही खांब पडणे म्हणजे काय ते दाखवले आहे. कोकणातल्या वाचकांनी मे महिन्यातच, आणि तंजावरकडच्यांनी सप्टेंबरात, एवढी कामे उरकावीत. प्रत्येक अलार्म मुद्दाम वाजवून तो कंट्रोल रूममध्ये उमटतो का ते पाहावे. लिंकचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत. रीतसर शटडाउन घेऊन बँकेची दहा तासांच्या दराने क्षमता चाचणी करावी. क्षमता ८० टक्क्यांखाली आली असेल, तर नव्या बँकेची मागणी त्याच आठवड्यात लावावी.