तंबी, अण्णा आणि व्युत्पत्तीचा मोह

कचेरीत उशिरा येणाऱ्या कारकुनास वरिष्ठ तंबी देतात. तमिळ घरात मात्र तंबी हा धाकटा भाऊ असतो. एवढ्या भांडवलावर एखादा कल्पक गृहस्थ सिद्धान्त उभा करू शकेल: घरात उठल्याबसल्या दटावला जातो तो धाकटा भाऊ, म्हणून दटावणीस तंबी म्हणतात! सिद्धान्त गोड आहे आणि सर्वस्वी खोटा आहे. मराठीतील तंबी ही फारसीच्या वाटेने आलेली अरबी 'तन्बीह' होय. तिच्या मुळाशी न-ब-ह ही व्यंजने असून सावध करणे हा त्यांचा अर्थ आहे. 'ब'पूर्वीचा 'न' उच्चारात 'म' झाला आणि शेवटचा 'ह' गळाला. तमिळ तंबीची भावंडे पाहावयाची तर कन्नडमधील 'तम्म' आणि तेलुगूमधील 'तम्मुडु' यांच्याकडे जावे लागते. एक शब्द सेमिटिक कुळातला, दुसरा द्राविड कुळातला. गाठ पडली ती योगायोगाने.

थोरल्या भावाची गोष्ट निराळी. 'अण्णा' हा शब्द आपल्याकडे खरोखरच दक्षिणेच्या शेजारातून आला आणि येताना अर्थही घेऊन आला. १९६७ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झालेले अण्णादुराई हे अनुयायांचे 'अण्णा' होते आणि आपल्या नियतकालिकातून ते 'तंबी'स उद्देशून पत्रे लिहीत. त्या जोडीतला थोरला मराठीचा आप्त आहे. धाकटा केवळ तोंडवळ्याने ओळखीचा वाटतो.

रूपाबरोबर अर्थही जुळला तर नाते मानावे काय? तेवढ्यानेही भागत नाही. १९६३ साली आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात संशोधनासाठी गेले. तेथील म्बाबाराम भाषेत कुत्र्याला काय म्हणतात, या प्रश्नाला त्यांना मिळालेले उत्तर होते 'डॉग'! इंग्रजांकडून उसना घेतलेला शब्द, असेच कोणीही म्हणेल. परंतु शेजारच्या यिडिन्य भाषेत कुत्र्याला 'गुडगा' म्हणतात, आणि जुन्या शब्दांतील पहिले अक्षर गाळण्याची म्बाबारामची रीतच आहे. स्वरबदलाचे नियम लावले की त्याच मूळ रूपातून 'डॉग' आपोआप निघतो. इंग्रजीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. (जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई, हे आपल्याकडील मामांनी ऐकून ठेवण्यासारखे आहे.)

हा केवळ विद्वानांचा विरंगुळा असता तर त्यासाठी या पानाची जागा अडविली नसती. 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका', 'ख्रिश्चॅनिटी' म्हणजे 'कृष्णनीती' असे पु. ना. ओक यांनी हयातभर सांगितले. व्हॅटिकन हे रोममधील टेकडीचे नाव ख्रिस्ती धर्माहून जुने आहे आणि 'ख्रिस्त' हा 'अभिषिक्त' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, हे कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात तपासता येत होते. तरीही ही वचने आज भ्रमणध्वनीवरून घरोघर पोचतात, आणि वर्गातला विद्यार्थी ती शिक्षकांसमोर ठेवतो तेव्हा पुष्कळदा कौतुकाची मान डोलते. त्या डोलण्याला आमचा आक्षेप आहे. उच्चार जुळला की नाते सिद्ध झाले, ही सवय एकदा लागली म्हणजे शिलालेख, ताम्रपट, जुन्या पोथ्या यांची गरजच उरत नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मंजूर झाला. त्या मागणीच्या बाजूने नाणेघाटातील लेख आणि गाथासप्तशती पुढे केली गेली. ध्वनिसाम्याच्या कोट्यांवर ती तगली नसती.

कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ साली प्रसिद्ध झाला. बरो आणि एमेनो यांचा द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ साली. त्यांतील प्रत्येक निर्णय आज ग्राह्य धरावा असे नाही. पण शब्दाची शेजारच्या भाषांतील भावंडे कशी शोधावयाची, हे त्यांतून शिकता येते. अभिजात दर्जाच्या निमित्ताने होणाऱ्या समारंभांच्या खर्चातून प्रत्येक माध्यमिक शाळेच्या कपाटात असे दोन कोश ठेवावेत, आणि आठवड्याचा एक तास मुलांना ते उघडू द्यावेत.