अधिक-उणे कुठे गेलं?

अकरावी-बारावीची मुलं अधूनमधून भौतिकशास्त्राचं जर्नल घेऊन माझ्याकडे येतात. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर, हा काही माझा विषय नव्हे. पण सरासरी समजायला पदवी लागत नाही. बहुतेक जर्नलांत एकच गोष्ट खटकते : पाच रीडिंग, त्यांची सरासरी, खाली दुहेरी रेघ. संपलं!

साध्या दोलकाचंच बघा. मीटरभर लांबी, २० आंदोलनं, हातात स्टॉपवॉच. समजा वेळ आली ४०.१, ४०.३, ३९.९, ४०.२ आणि ४०.० सेकंद. सरासरी ४०.१. पण तिच्यावर भरवसा किती ठेवायचा? प्रत्येक रीडिंगचा सरासरीपासूनचा फरक घ्या, वर्ग करा, बेरीज करा. आली ०.१०. तिला ५ ने नव्हे, ४ ने भागा; कारण सरासरी त्याच पाच आकड्यांतून काढलेली आहे. वर्गमूळ साधारण ०.१६. हा एकेका रीडिंगचा विखुरलेपणा. सरासरी त्याहून भरवशाची, म्हणून त्याला पाचाच्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर : ४०.१० ± ०.०७ सेकंद. ही अनिश्चितता निम्मी करायची तर रीडिंग मात्र चौपट घ्यावी लागतात. मेहनतीला इथे सूट नाही.

लांबी अचूक धरली तर यावरून गुरुत्वीय त्वरण येतं सुमारे ९८२ ± ३. पुस्तकातलं ९८० त्यात आरामात बसतं. तरीही मुलं खाडाखोड करून नेमकं ९८० आणतात, कारण मार्क त्याला आहेत. आणि ते ९८० तरी काय? विषुववृत्तावर सुमारे ९७८, ध्रुवांवर ९८३. तोही सोयीसाठी धरलेला आकडाच.

अर्थात अधिक-उणे लिहिलं म्हणजे सगळं साधलं असं नाही. गोळ्याच्या मध्याऐवजी हुकापर्यंतच लांबी मोजली, तर हजार रीडिंगही एकजात चुकीच्या बाजूला जातील. सरासरी विखुरलेपणा कमी करते, पक्षपात नाही.

मोठमोठ्यांनाही हा मोह सुटलेला नाही. मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. हवेच्या चिकटपणाचा आकडा चुकीचा असल्याने उत्तर किंचित कमी आलं. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या भाषणात सांगितलं, की पुढच्या लोकांची उत्तरं एकदम नव्हे, हळूहळू वर सरकत गेली. उत्तर फार वेगळं आलं की लोक चूक शोधत बसत. जवळचं आलं की फारसं तपासत नसत.

म्हणून माझं म्हणणं इतकंच : परीक्षकांनी मार्क ९८० ला देऊ नयेत, प्रामाणिक अधिक-उणेला द्यावेत. ‘मला एवढंच ठाऊक आहे, यापलीकडे नाही’ हे सोळाव्या वर्षी लिहायला शिकलेला मुलगा पुढे हिशेबात, अहवालात, साक्षीतही सहसा थापा मारणार नाही. आणि आकडा जुळवायला शिकलेला? तो आयुष्यभर आकडे जुळवतच राहील.