डॅशकॅम लावा, पण वायर सोलू नका!

आमच्या रबाळ्याहून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागलं की आजूबाजूला एमआयडीसीचे ट्रक-कंटेनर. तेव्हा डॅशकॅम हवाच, त्यात दुमत नाही. माझा आक्षेप आहे तो वायर सोलून, टेप गुंडाळून केलेल्या जोडणीला. गाडीतला १५ अँपिअरचा फ्यूज मूळच्या जाड वायरसाठी असतो. कॅमेऱ्याची बारीक वायर शॉर्ट झाली, तर फ्यूज उडण्याआधी तीच पेटू शकते. म्हणून फ्यूज टॅप लावा. त्यात कॅमेऱ्यापुरता वेगळा, छोटा फ्यूज बसतो. एअरबॅगच्या फ्यूजला मात्र हात लावू देऊ नका. उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग हवं असेल, तर बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास उतरली की कॅमेरा बंद करणारं किट घ्या. इलेक्ट्रिशियन "पाच मिनिटांत जोडून देतो" म्हणाला, तरी मंडळी, अर्धा तास थांबा. साक्षीला बसवलेल्या कॅमेऱ्यानेच गाडी जाळली, तर साक्ष कुणाची काढणार?